गार कॉफी

शेंगेतल्या दाण्याएवढा पांढरा इअरबड, डाव्या कानाचा, साखरेच्या डब्याशेजारी पडलेला. उजवा ती घेऊन गेली. समुपदेशक डॉक्टर मैसूनला ती फोनवर एकाच कानानं ऐकते. दुसरा बहुतेक जगासाठी मोकळा ठेवत असावी, सासूनं हाक मारली तर ऐकू यावी म्हणून... मुंझिरनं तो उचलला, आजूबाजूला कुणी नाही ना हे पाहिलं – स्वतःच्या स्वयंपाकघरात, स्वतःच्या बायकोची वस्तू, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी – आणि कानात घातला. काही ऐकू आलं नाही. तीन मजले खाली, काचा बंद करून गाडीत बसलेल्या बाईचा आवाज इथवर येणार नाही हे त्याला माहीत होतं. जमीनमोजणी खात्यात सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाला अंतर म्हणजे काय हे कुणी शिकवायला नको. तरी तो दहा-बारा सेकंद तसाच उभा राहिला. मग टेबलावरचा तिचा कॉफीचा कप दिसला, काठोकाठ भरलेला, वर तपकिरी पापुद्रा धरलेला. वाया नको म्हणून तो त्यानं नेहमीसारखा उभ्याउभ्या पिऊन टाकला आणि गॅलरीत गेला.

गाडी होती. मंगळवारी चार ते चार पन्नास ती जैतुनाच्या झाडाखाली उभी असते आणि तीत सुहा असते. घरात बसून बोलायची सोय नाही, कारण खालच्या मजल्यावर मुंझिरची आई राहते, आणि या वयात तिला शेजारची घंटा ऐकू येत नसली तरी सुनेचं कुजबुजणं येतं. पन्नास मिनिटं. आठवड्याला एकदा. 'ताण आणि नात्यांतल्या अडचणी' असं मैसून जिथं काम करते त्या वेबसाइटवर लिहिलंय. मुंझिरनं ते अनेकदा वाचलं होतं आणि दर वेळी त्याला वाटलं होतं की यातला ताण म्हणजे तिची शाळा आणि अडचण म्हणजे आपण.

वरून तिचा चेहरा दिसत नाही. दिसतात गुडघे आणि डावा हात. आणि तो हात हलत असतो! उघडतो, मिटतो, हवेत काहीतरी मांडतो, पुन्हा पुसतो, मध्येच स्टिअरिंगवर थाप मारतो – हसताना मारतात तशी. घरात हा हात असा हलत नाही. घरात तो भांडी उचलतो, पेपर तपासतो, फोनवर बोट फिरवतो. बावीस वर्षांच्या संसारात सुहानं माझ्यासमोर हवेत काही मांडल्याचं मला आठवत नाही... किंवा मांडलं असेल, आणि मी समोरचं वर्तमानपत्र उलटत असेन.

मैसून पुरुष असती तर फार सोयीचं झालं असतं. मेहुण्यांना बोलावता आलं असतं, आवाज चढवता आला असता, निदान छातीत ही जी आग होते तिला काही नाव तरी लागलं असतं. पण एका बाईवर – चष्मा लावणाऱ्या, वेबसाइटवरच्या फोटोत पुस्तकांच्या कपाटापुढे बसलेल्या, पन्नाशीच्या बाईवर – नवऱ्यानं जळावं, याला अम्मानमध्ये शब्द नाही. कचेरीतल्या फव्वाझला त्यानं एकदा आडून विचारून पाहिलं होतं, की बायको डॉक्टरणीशी बोलते, तर...

"बोलू दे की!" फव्वाझ म्हणाला होता. "माझी माझ्याशी बोलते. तू नशीबवान आहेस लेका, समजतंय का तुला?"

"मुंझिर!" खालच्या गॅलरीतून आईचा आवाज आला. वाकलं की तिचा पांढरा रुमाल दिसतो आणि मिरचीच्या कुंड्या. "अजून बसलीय का रे ती गाडीत?"

"बसलीय, यम्मा."

"घरात खुर्च्या नाहीत?"

"आहेत."

"मग? अकबातल्या बहिणीशीच बोलत असणार. तास तास! त्या पोरीला तरी काही कामधंदा?"

"असेल, यम्मा."

"तिला विचार तरी."

"विचारतो."

"तू काय विचारणारेस," आई म्हणाली, आणि कुंडीत पाणी ओतल्याचा आवाज आला. "तुझा बापही असाच विचारायचा."

अकबा. तेच तर. गेल्या शनिवारी सुहानं जेवणानंतर सांगितलं, की अकबा शहरातल्या मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिकेची जागा आहे, दोन वर्षांसाठी; बहिणीकडे राहता येईल; गुरुवारपर्यंत कळवायचंय. ती हे सांगत असताना तो तिच्या हाताकडे पाहत होता. हात मांडीवर होता, पालथा. "तुझी मर्जी," तो म्हणाला – अशा सुरात, की ज्यातून मर्जी हा शब्द सोडून बाकी सगळं ऐकू यावं. "विचार करतेय," सुहा म्हणाली, उठली, दोन कप कॉफी करून आणली, समोर बसली. आणि मुंझिरला तेव्हाच कळलं की विचार ती करतेय खरी, पण इथं नाही. विचार मंगळवारी होणार, खाली, काचा लावून. तिकडे कुणीतरी एक बाई 'हं' म्हणणार आणि त्या 'हं'वर माझं घर अकबाला जाणार की अम्मानला राहणार ते ठरणार. मला गुरुवारी निकाल कळणार. परीक्षेला मी बसलो होतो की नव्हतो, तेही तेव्हाच.

म्हणून त्यानं ते केलं. रविवारी कचेरीत, एका जुन्या हद्दीच्या नकाशाआड फोन धरून, त्यानं मैसूनची सोमवारची पाचची वेळ घेतली. त्या वेबसाइटवर खरं नाव सांगावं लागत नाही आणि कॅमेरा बंद ठेवता येतो. हे दोन नियम नसते तर आमच्या गावात, जिथं प्रत्येकजण दुसऱ्याचा निदान चुलत मेहुणा असतो, हा धंदा आठवडाभर चालला नसता. नावाच्या चौकटीत त्यानं लिहिलं: अबू कैस, म्हणजे कैसचा बाप. गाव: झर्का. त्याला एकच मूल, मुलगी, तालिया, इर्बिदला शिकते. कैस नावाचा मुलगा त्याला कधी झाला नाही. तो त्यानं तिथंच, दोन बोटांनी, करून घेतला.

सोमवारी सुहा शाळेत पालकसभेला. मुंझिर मागच्या गॅलरीत रिकाम्या सिलिंडरवर बसला, हातात प्रश्नांचा कागद, तपासणीला जाताना नेतात तसा. पहिला प्रश्न फार विचार करून लिहिलेला: एखादी स्त्री नवऱ्याबद्दल परक्याशी बोलत असेल तर नवऱ्यानं काय समजावं?

"या, अबू कैस. मी मैसून. कशाबद्दल बोलायचंय आज?"

आवाज खालच्या पट्टीतला, शामी – दमास्कसकडच्या – वळणाचा, शब्दांची टोकं जरा लांबवणारा. आणि त्या आवाजाला त्यानं काय सांगावं? – "माझी बायको माझ्याशी बोलत नाही."

"म्हणजे अबोला आहे?"

"छे, छे! बोलते. गॅस संपलाय. तुझ्या आईच्या गोळ्या आण. ता... कैसचा फोन आला होता."

"आणि तुम्ही?"

"मी आणतो."

ती हसली. थोडंसंच, नाकातून. आणि मुंझिरला आनंद झाला... या गोष्टीची त्याला नंतर, म्हणजे आता, गॅलरीच्या कठड्याला टेकून, सगळ्यात जास्त लाज वाटत होती. त्याला वाटलं होतं, अजून एकदा हसवावं हिला. सुहाच्या बोलण्याला ही अशी हसते का? हसत असेल तर किती वेळा? माझं जास्त गमतीदार असतं की तिचं? हेरगिरीला गेलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत वर्गातला पहिला नंबर मागत होता.

तेवढ्यात गॅसची गाडी आली होती. अम्मानभर त्या गाड्या एकच धून वाजवत फिरतात, पण आमच्या गल्लीतल्या गाडीचा भोंगा बिघडलाय. सातव्या सुरावर तो अडकतो, उचकी दिल्यासारखा दोनदा तोच सूर वाजवतो आणि पुढे जातो. नेमकी तीच उचकी, सिलिंडरवर बसलेल्या मुंझिरच्या खाली.

"गॅसवाला आला वाटतं तुमच्याकडे," मैसून म्हणाली.

"झर्कात गॅसवाल्यांना काय तोटा, डॉक्टर."

"बरं," ती म्हणाली. "मग सांगा, भांडण झालं की तुम्ही दोघं ते मिटवता कसं?"

आणि त्यानं सांगितलं. कागद कधीच मांडीवरून घसरला होता. त्यानं जाहाबद्दल सांगितलं – म्हणजे जाहा काय ते तिला माहीतच होतं: मुलीकडे मागणी घालायला वडीलधारे जातात, त्यांच्यापुढे कॉफी येते, म्होरक्या कप समोर ठेवतो आणि हात लावत नाही, मागणी मान्य झाली की मुलीकडचा म्हणतो, 'प्या, तुमचं काम झालं,' आणि मगच सगळे पितात. त्यानं स्वतःच्या जाहाची गोष्ट सांगितली. काका अबू नाएफ म्होरके. मागणी घालायचं भाषण पाठ करून आलेले. पण दुपारची वेळ, कॉफीचा वास, हात आपोआप गेला, कप ओठांना लागला. साठ माणसांचा श्वास अडकला. कारण मागणी घालण्याआधीच प्यायलात, तर तुम्हाला काही मागायचं नव्हतं असा त्याचा अर्थ होतो – मग उठा आणि घरी जा. कुणीतरी काकांच्या कोपराला असा चिमटा काढला की अर्धी कॉफी त्यांच्या झग्यावर सांडली. आणि आतल्या खोलीत, दाराच्या फटीमागे, सुहा हसली. ते हसणं बाहेर ऐकू आलं. मला ऐकू आलं.

"मग आमचं पहिलं भांडण झालं," तो मैसूनला सांगत होता, "तेव्हा मी दोन कप कॉफी केली, तिच्यासमोर जाऊन बसलो, माझा कप ठेवला आणि हात लावला नाही. एक शब्द बोललो नाही. ती रुसलेली. बघितलं तिनं कपाकडे, माझ्याकडे... आणि म्हणाली, 'पी रे बाबा, पी. झालं तुझं काम.' तेव्हापासून तीच रीत. माझं काही मागणं असलं, माझं काही चुकलं, की मी कप ठेवतो."

"आणि त्या मान्य करतात?"

"वीस वर्षांत माझा कप कधी गार झाला नाही, डॉक्टर." हे त्यानं अभिमानानं सांगितलं.

"आणि त्यांचा?"

"त्यांचा काय? तिला आता कॉफीची गोडीच राहिली नाही. सवयीनं दोन कप करते, माझ्यासमोर बसते, आपला तसाच ठेवते. मग मीच पितो. वाया कशाला घालवायची."

शांतता. फोन बंद पडला असं आधी वाटलं. मग तिकडे खुर्ची करकरल्यासारखं झालं.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"त्या कॉफी पीत नाहीत, ते."

"असेल तीनेक वर्षं."

"तुम्ही विचारलंत का कधी त्यांना?"

"काय विचारायचं? कॉफीच ती."

"हं," मैसून म्हणाली. आणि मग, जरा घाईनं, की आज आपण इथं थांबू या.

आज दुपारी, कचेरीत, निरोप आला. 'अबू कैस, तुमच्याबरोबर पुढे काम करणं माझ्याकडून योग्य होणार नाही. कारण सांगू शकत नाही. त्यात तुमचा दोष नाही. खाली माझ्या दोन सहकाऱ्यांची नावं देते, दोघंही चांगले आहेत.' मुंझिरनं तो अकरा वेळा वाचला. दोघंही चांगले! शाळेतून काढलेल्या मुलाच्या दाखल्यावर 'वर्तणूक उत्तम' लिहितात तसं. आणि खाली, जैतुनाखाली, आत्ता सुहा तिच्याशी बोलतेय. तिला ठेवून घेतलं, मला काढलं. काल सकाळपर्यंत तो मैसूनवर जळत होता, कारण तिच्याकडे सुहा होती. आज दुपारपासून तो सुहावर जळत होता, कारण तिच्याकडे मैसून होती. या दोन आगींतली कुठली जास्त पोळते हे ठरवत तो कठड्याशी उभा होता आणि ठरत नव्हतं.

ओळखलं तिनं. एवढं स्पष्ट होतं. पण कशावरून?

गॅसच्या गाडीवरून, असं त्यानं दुपारी ठरवून टाकलं होतं. ती उचकी दर मंगळवारी सुहाच्या फोनमधूनही तिकडे जात असणार. तीच आत्ता कोपऱ्यावरून येत होती – सूर, सूर, सातव्यावर अडखळ, पुन्हा सातवा – गाडी जैतुनाजवळून गेली, आणि सुहाचा हात हवेत थांबला, आवाज जाईपर्यंत थांबला, मग पुन्हा बोलू लागला. म्हणजे बरोबर. भोंग्यानं घात केला. त्यात एक समाधान होतं: आपण बोलण्यात चुकलो नाही, गॅस कंपनी चुकली.

पण मोजणी खात्यात सव्वीस वर्षं... मोजायची सवय जात नाही. काल गाडी आली ती दहाव्या मिनिटाला. त्यानंतर मैसून अर्धा तास मोकळेपणानं बोलत होती, हसत होती. काकांच्या झग्यावर कॉफी सांडली तेव्हा तर – नाही. थांब. तेव्हा ती हसली नव्हती. तिथं हसायलाच हवं होतं. ती गोष्ट ऐकून आजवर न हसलेला माणूस मला भेटलेला नाही. ती तेव्हाच जरा गप्प झाली होती. ऐकलेली होती तिनं ती. दाराच्या फटीमागून.

म्हणजे सुहा सांगते. काका, झगा, पहिला कप, 'पी रे बाबा'. कुणाला न दिसलेली, दोघांचीच असलेली गोष्ट तिनं त्या बाईला देऊन टाकली, आणि मला – मुंझिरला राग यायला हवा होता, तो त्यानं आतून शोधूनही पाहिला; पण हाताला लागलं ते वेगळंच. कसं सांगितलं असेल तिनं? हसत? तीन मजल्यांवरून ऐकू येत नाही. 'एक माणूस होता, तो भांडण झालं की कप ठेवायचा' – असं, हरवलेल्या वस्तूबद्दल सांगतात तसं? की 'वीस वर्षं, डॉक्टर, दर वेळी त्याचंच काम झालं'?

बरं, मैसून गप्प झाली तरी तेव्हाही तिनं बोलणं थांबवलं नव्हतं. पुढे दोन प्रश्न विचारले. खरी शांतता नंतरची. खुर्ची करकरली तिथली. ती कुठल्या वाक्यानंतर? वाया कशाला घालवायची.

मग मीच पितो. वाया कशाला घालवायची.

खाली आईनं कुंडी सरकवली. सिमेंटवर मातीचा खरखर आवाज.

तीन वर्षांपूर्वी, पहिल्यांदा अकबाचं निघालं होतं. तेव्हा उपमुख्याध्यापिकेची जागा. तो म्हणाला होता, "पुढच्या वर्षी बघू." ती उठली, दोन कप करून आणले, समोर बसली. बातम्या लागल्या होत्या. तिनं आपला कप टेबलावर ठेवला आणि हात मांडीवर ठेवला, पालथा. तो बातम्या बघत राहिला. संपल्यावर त्यानं वळून पाहिलं – "अगं, गार झाली की तुझी" – आणि उचलून पिऊन टाकली. ती हसली होती का? ओठ हलले होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी. गेल्या शनिवारी. आज दुपारी, गाडीकडे जाण्याआधी: टेबलाशी पाच मिनिटं बसली होती, समोर कप, आणि त्याच्याकडे बघत होती, आणि तो फोनमध्ये बाराव्यांदा 'दोघंही चांगले आहेत' वाचायला लागला होता.

असं असेलच असं नाही. कॉफीनं झोप जात असेल तिची. चाळिशीनंतर पुष्कळांची जाते. तिनं कधी म्हटलं नाही. मीही म्हटलं नव्हतं, पहिल्या वेळी. कप ठेवून गप्प बसलो होतो, आणि तिला कळलं होतं. बघता क्षणी. त्या तिकडच्या बाईला तर एका वाक्यात कळलं. माझ्या घरातला कप तिला परगावी बसून वाचता आला, आणि मी त्याच्या पुढ्यात बसून तीन वर्षं तो पीत होतो. मागायला आलेल्या माणसाचा कप यजमानानंच उचलून संपवायचा – असं आमच्या मुलखातल्या कुठल्याही दिवाणखान्यात आजवर झालं नसेल. काकांनी निदान स्वतःचा कप उचलला होता.

तो आत आला. टेबलावर तो कप होता, रिकामा, तळाशी काळा गाळ. चार बेचाळीस.

पुढची आठ मिनिटं त्यानं जे केलं ते त्यानं कुणाला सांगितलं नसतं. मैसूनला कदाचित सांगितलं असतं. त्यानं कप विसळला, कॉफी चढवली, वेलदोडा घातला, कप काठोकाठ भरला आणि फ्रीजरमध्ये, गोठवलेल्या मुलुखियाच्या पालेभाजीच्या पिशव्यांवर, हळूच ठेवून दिला. गार व्हायला. मग दाराशी उभा राहिला. हद्दीचा सरकवलेला दगड गुपचूप जागेवर आणून ठेवणारी माणसं त्यानं आयुष्यभर पाहिली होती. त्यांना वाटतं जमलं. दगडाखालचं गवत बघितलं की कळतं.

खाली गाडीचं दार लागलं.

"झालं का गं बहिणीशी बोलून?" आईचा आवाज.

"झालं, मावशी." सासूला मावशी म्हणणाऱ्या सुहाचा आवाज हलका होता, ओझं कुठंतरी ठेवून आलेल्या माणसाचा. "मिरच्या छान आल्यात की!"

"ने चार. तुझ्या नवऱ्याला घाल खायला, जरा तिखट होईल तर."

त्या दोघी हसल्या. मुंझिरनं फ्रीजर उघडून कप काढला आणि टेबलावर तिच्या जागी ठेवला. वरचा थर नीट धरला नव्हता. बाजूनं धरलं तर गार, मधून अजून वाफ. खोटा कप. कुणीही ओळखलं असतं. त्यानं इअरबड साखरेच्या डब्याशेजारी पुन्हा होता तसा ठेवला, आणि आपल्या खुर्चीत बसला, आणि मग उठून तिच्या समोरच्या खुर्चीत बसायला गेला, तर ती त्याचीच होती; पुन्हा तिथंच बसला.

जिन्यावर पावलं. पहिला मजला. गुरुवारी ती काय कळवणार ते आत्ता तिकडे कुणाला तरी माहीत आहे, त्याला वाटलं, आणि ती कळ छातीत पुन्हा उठली, पण या वेळी जरा बाजूला, जिथं ती आधी कधी उठली नव्हती. त्या बाईला उत्तर माहीत असेल. प्रश्न तर माझ्या टेबलावर ठेवलेला होता.

दुसरा मजला. वीस वर्षं ते वाक्य त्यानं नुसतं ऐकलं होतं. म्हणायची पाळी त्याच्यावर एकदाही आली नव्हती. त्यानं ते तोंडातल्या तोंडात जुळवून पाहिलं. पी गं. झालं तुझं काम. – चार-पाच साधे शब्द, कुणाही म्हाताऱ्याला दिवाणखान्यात म्हणता येतात. पण ते म्हटलं की मग ती उचलणार, पिणार, आणि जाणार. आणि नाही म्हटलं तर ती पुन्हा मांडीवर हात ठेवून बसेल, पालथा, आणि गुरुवारनंतर बहुतेक तेही नाही.

कुलुपात किल्ली फिरली. कपातली वाफ अजून, अगदी थोडी, वर येत होती. त्याचा हात सवयीनं पुढे गेलेला त्याला दिसला, आणि दुसऱ्या हातानं त्यानं त्याला मनगटाशी धरलं. आणि जीभ, त्या भोंग्यासारखी, पहिल्या शब्दाशी अडली – तिथंच, पुन्हा तिथंच.